दारवर

दोन वाजून अठ्ठेचाळीसला फोन थरथरला.
वर एका उपग्रहाला गॅमाचा झटका बसला होता,
अकरा सेकंदांचा.
तो झटका इथवर येत नाही, हवा तो वरच गिळते.
आपल्या वाट्याला मागची धग.

पिंपळनेरच्या पुढे, सबस्टेशनचं छप्पर.
आठ इंची दुर्बीण, सेकंडहँड कॅमेरा,
आणि समोर ब्राह्मणवेलच्या पठारावर
पवनचक्क्यांचे लाल दिवे,
एकदम लागणारे, एकदम विझणारे.
दिवसा त्यांच्या पोटात चढून मी बोल्ट आवळतो,
रात्री त्यांना शिव्या देतो.

उत्तरा आणि हस्त यांच्यामधला रिकामा तुकडा.
भिंगावर दव. शैलाचा हेअर ड्रायर फिरवला.
एकेक मिनिटाचे वीस फोटो
एकावर एक रचले, बारदान रचावं तसे,
तेव्हा कुठे एक दाणा दिसला,
जुन्या नकाशात नसलेला.

हिलालदादा काठी टेकून वाकले.
"इतलासा?"
इतलासाच.

पण नवा ठिपका म्हणजे काहीही असू शकतं:
कॅमेऱ्यातला डाग, भटका लघुग्रह, माझी हाव.
तासभर थांबायचं.
होता तेवढाच राहिला, तर तो आपला नव्हे.
दादांनी डबा उघडला, कळण्याची भाकरी,
मिरचीचा खुडा.
मी खाल्लं की नाही, आठवत नाही.

सव्वाचारला पुन्हा वीस.
दाणा जागचा हलला नव्हता
आणि निम्म्याहून कमी उरला होता.
मी ओरडलोच. खालचं कुत्रं उठून भुंकलं.
विझतोय, म्हणून खरा:
असा पुरावा मी आजवर कुणाला दिला नव्हता.

तीन आकडे पाठवले, वेळ, जागा, उजेड.
चौथा, मी किती चुकलो असेन त्याचा.

अंतर मोजणारी दुर्बीण दुसऱ्याच देशातली.
सकाळी टपरीवर उत्तर आलं:
हा उजेड निघाला तेव्हा
पृथ्वी नव्हती, सातपुडा नव्हता,
वार हा शब्द नव्हता, की त्या दिवशी कोणता वार ते विचारावं.
एक तारा स्वतःतच कोसळला, दादा,
आपण पाहिलं ते त्याचं निवणं.

दादा बराच वेळ बशीत फुंकत राहिले.
मग म्हणाले,
"म्हंजे आपण दारवर उनूत."

दारवर गेल्यावर फार बोलायचं नसतं.
ओट्यावर थोडं बसायचं, पाणी घ्यायचं, उठायचं.
चहाचे पैसे त्यांनी दिले.
आठची ड्युटी. तेवीस नंबरच्या चक्कीचं
गिअर ऑइल गळत होतं.