छोट्या लाइनीचं मैदान

विचारलंत म्हणून सांगतो.
ग्वाल्हेर स्टेशनाबाहेर टेम्पोवाल्याला ‘छोटी लाइन’ म्हणा,
‘मैदान’ म्हणू नका,
मैदान म्हटलं की तो मेळ्याच्या मैदानावर नेऊन सोडतो.
घोसीपुऱ्याच्या अलीकडे, कडुलिंबापाशी उतरा.
फाटकाची किल्ली रामसनेही पानवाल्याकडे.
तो नसला तर भिंतीला भगदाड आहे,
सगळे तिथूनच जातात,
किल्ली फक्त पाहुण्यांसाठी.

तिकीट नाही. पूर्वी होतं, दोन आणे,
बायकांना माफ.
बायका म्हणजे फोरमन हॉस्किन्सची मेम
आणि माझी कुमूदमावशी, एवढ्याच.
मावशी मोजे विणत बसायची,
मान वर न करता म्हणायची, ‘ऑफसाइड’.
आणि असायचा.

मैदान हॉस्किन्सनं केलं.
लोकोशेडची राख गाड्यावर गाड्या भरून पसरली,
वर नाल्याची माती, वर मलखानचा रोलर.
दोन फुटी रुळांच्या कडेला जेवढी जागा उरली तेवढीच,
म्हणून रुंदी कमी.
पाहुणे संघ विचारायचे, हे मैदान की बोळ?
आमचे म्हणायचे, बोळात खेळून दाखवा.
नाल्याकडचा गोल वीतभर खाली आहे,
आजही आहे, चेंडू ठेवून बघा,
आपला आपण निघतो.

बसायला पश्चिमेला जुन्या स्लीपरच्या तीन पायऱ्या.
मे महिन्यात त्यांतून डांबर सुटतं,
पांढरा पायजमा घालून येऊ नका.
समोर किल्ला दिसतो. बघा, पण बेतानं.
आमचा गोलकीपर पायगुडे
एकदा संध्याकाळी त्याच्याकडे बघत राहिला,
तेवढ्यात दोन गोल.

वडील हेडक्लार्क, स्कोअरची वही त्यांच्याकडे.
शिव्या हिंदीत देत, नोंद मोडीत करत,
म्हणजे मागाहून कुणी भांडायला नको.
ती वही आता माझ्याकडे आहे.
मलाही सगळी लागत नाही.

एकसष्टची सेमीफायनल मात्र लागते.
झाशीची वर्कशॉप टीम, एक-एक,
त्र्याहत्तरावं मिनिट.
बाबू सिकरवारनं लाथ अशी घातली
की चेंडू बारवरून, भिंतीवरून,
श्योपूरला निघालेल्या गाडीच्या
रिकाम्या उघड्या डब्यात.
सगळे ओरडत धावले.
गार्डला वाटलं, निरोप देतायत.
त्यानं हिरवं निशाण हलवलं.

दुसरा चेंडू?
दुसरा चेंडू असतो हेच आम्हांला ठाऊक नव्हतं.
जौऱ्याला तार गेली, कैलारसला गेली.
सबलगढहून उत्तर आलं: माल सापडला,
रजिस्टरात चढवला, आता पावतीशिवाय देता येत नाही.
बावीस माणसं अंधार पडेपर्यंत
आपापल्या जागी उभी राहिली,
मग बसली, मग कुणीतरी गजक आणलं.
रात्रीच्या पॅसेंजरनं झाशीवाले गेले.
चेंडू आला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी,
सुतळीला चिठ्ठी: ‘नग एक, चामडी, हवा कमी.’

वडिलांनी शिट्टी वाजू दिली नाही.
वहीत शेवटची ओळ अशी:
खेळ थांबला आहे.
‘संपला’ लिहायला हात धजला नसावा,
की हेडक्लार्काची सवय, कागद मंजूर होईतो
फाइल उघडी ठेवायची,
मला सांगता येणार नाही.

सिकरवार गेला. हॉस्किन्स त्याआधीच,
पर्थला की कुठेशी, मुलीकडे.
पायगुडे आहेत, लष्करात, जनकगंजला,
ऐकू येत नाही, पण किल्ल्याकडे खिडकी आहे.
गाडीही बंद झाली. रूळ काढायला माणसं आली
तेव्हा मी पायरीवर बसून होतो.
एकानं विचारलं, बाबूजी, किसका इंतज़ार?
काय सांगणार.

तर या. थंडीत या, दुपारी तीनच्या सुमाराला.
पाणी बरोबर आणा, नळ तुटलाय.
कुत्री आहेत, चावत नाहीत.
सतरा मिनिटं शिल्लक आहेत,
घरात पोरं असतील तर घेऊन या.
परतीचा टेम्पो सातनंतर मिळत नाही.