तुरटीची डबी

त्राब्झोनच्या उतारावरचं रुस्तेमचं सलून
आठला उघडतं.
आज साडेनऊ झाले, शटर अर्धंच वर.

एकतीस वर्षं परक्या गळ्यांवरून वस्तरा फिरवला,
कुणाला ओरखडा नाही.
आवळतो तो त्याचा स्वतःचा गळा.
पावाच्या रांगेत. जिन्यात.
मुलीच्या साखरपुड्यात तर
कोटांच्या ढिगामागे उभा राहिला तो
नाडी मोजत.

हृदयाचे कागद तीनदा स्वच्छ आले.
तिसऱ्या डॉक्टरने एक नाव लिहून दिलं, एक नंबर.
चिठ्ठी तेव्हापासून तुरटीच्या डबीखाली.
"डोक्याच्या डॉक्टरकडे जातोस?"
असं अजून कुणी म्हणालं नव्हतं,
पण सगळ्यांच्या वतीने त्याने ते
स्वतःलाच म्हणून ठेवलं होतं.

आज गिऱ्हाइकाच्या खुर्चीत तोच बसला.
आरशात एक माणूस,
ज्याला काय हवंय ते सांगता येईना.

"कसे कापू, उस्ता?"
शिकाऊ सेरहातने चहा ठेवत मस्करी केली.

"मला भीती वाटते रे."
"कशाची?"
"तेच तर."

पोरगं हसलं नाही.
रोज डबी पुसणारं तेच.
तिच्याखालून त्याने चिठ्ठी काढली,
ओल्या गोल डागाची,
शर्टाला पुसली आणि फोनशेजारी ठेवली.
मग बाहेर जाऊन
स्वच्छच असलेली पायरी झाडू लागलं.

पलीकडे घंटी वाजत राहिली.
पाचवी वाजली तर ठेवून देईन,
रुस्तेमने ठरवलं.
पाचवी वाजली.
सहावी.

"बोला," बाई म्हणाली.