खिडकीतली मोजणी

आमच्या डोंगरातल्या गावात डिसेंबर लागला
की खिडक्या बोलू लागतात.
मुलीमागे एक देवदूत, मुलामागे एक खाणकामगार,
दोघेही वीतभर, दोघेही लाकडी,
दोघांच्याही हातांत मेणबत्त्या.
रस्त्यावरचा माणूस बाहेरूनच वाचतो :
इथे दोन मुलगे, एक मुलगी.
इथे कोणीच नाही.

एकतीस वर्षं मी यांचे चेहरे रंगवते आहे.
टिलमान कातारी मुंडकी कातून
एकाच टोपलीत ओततो,
वाटाणे ओतावेत तशी, खळखळ.
त्यातलं कुठलं स्वर्गात, कुठलं जमिनीखाली
हे माझा कुंचला ठरवतो,
आणि खरं सांगू,
त्या सकाळी कुठल्या डबीचं झाकण निघतंय, ते.

परवा हेन्रिके आली, सात वर्षांची,
मुठीत घामेजलेली नोट.
"नव्या घराच्या खिडकीत मला खाणकामगार हवा.
माझ्या नावाचा."
मागोमाग तिचा बाप, फोल्कमार, टोपीवरचा बर्फ झटकत :
"खिडकी म्हणजे गावाला लिहिलेलं पत्र, रोस्विटा.
त्यात खोटं कसं लिहायचं?
टपालवाली विचारेल, दुसरा मुलगा कधी झाला?"
"तिला सांग, ती मीच आहे."
"पण ती तुला ओळखणार कशी?"
यावर पोरीला उत्तर सुचेना.
मलाही.

शेगडीपाशी बसलेली एडेलट्राउट आजी
हातमोजे काढता काढता म्हणाली,
"अकरा वर्षं खाणीच्या तोंडाशी दगड निवडले मी.
धूळ अजून आहे छातीत.
आणि आईच्या खिडकीत माझ्या नावाचा
झगा घातलेला देवदूत."
फोल्कमार गप्प.
"आवडायचा मात्र तो मला," आजी म्हणाली,
"पहाटे पाळीवरून परतताना
वळणावरूनच दिसायचा."

म्हणजे आजी नेमकी कुणाच्या बाजूची
हे कुणालाच कळलं नाही.

तेवढ्यात मागे कडकन वाजलं.
धाकट्या योस्टच्या एका हातात देवदूत,
दुसऱ्या हातात त्याचा पंख.
"उडतो का बघत होतो."
मोडला तो विकत घेणं भाग.
फोल्कमारने पाकीट काढलं, पुटपुटत,
आणि योस्टने दोन्ही तुकडे छातीशी धरले,
कागदात गुंडाळायलाही देईना.

हेन्रिकेने आपला खाणकामगार उजेडात धरला.
"मिशी नको."
रंग ओला होता. टर्पेंटाइनची चिंधी फिरवली
आणि मिशीखालून तोच चेहरा वर आला,
टोपलीतला.
मला माहीत होताच तो.
फक्त इतक्या वर्षांत कुणी मागितला नव्हता.

काल संध्याकाळी त्यांच्या घरावरून गेले.
खिडकीत एक बिनमिशीचा खाणकामगार,
एक देवदूत, पंखावर डिंकाचा ओघळ.
टपालवाली सायकल टेकवून उभी,
बोटं मोजत होती :
"एक मुलगा, एक मुलगी. बरोबर."
आणि पुढे गेली.

आतून एक छोटा हात आला,
देवदूताची कलती मेणबत्ती सरळ करून
परत गेला.