भाग दोन

पहिला ह्यांनी पाहिला मेन रोडच्या मागच्या एका थिएटरात.
ते थिएटर आता नाही, तिथे साड्यांचं दुकान आहे.
बाल्कनीचं तिकीट पाच रुपये, शेजारी हेमलता.
मी कधी विचारलं नाही, तरी हे सगळं मला ठाऊक आहे,
जसं हेही ठाऊक आहे की बाल्कनीच्या पायऱ्यांवर
तिला चक्कर यायची.

दुसरा आम्ही पाहिला काल, मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर.
आदल्या रात्री मोबाइलवर मी पहिला बघून ठेवला,
पांघरुणात, आवाज बारीक करून,
सकाळी पेपर असल्यासारखा.

शनीच्या कड्यांपाशी एक चौकी.
चौकीत एक म्हातारा. दर सहा तासांनी दिवा लावतो,
कुणी येणार असेल तर दिसावं म्हणून.
यान पुठ्ठ्याचं आहे हे कळतं. एका ठिकाणी चक्क दोरी दिसते.
पाऊण तास कुणी बोलत नाही.
मग दारावर थाप. तो कडी काढतो
आणि पडदा पांढरा होतो.

त्या दिवशी थिएटरात प्रोजेक्टरच बिघडला असं ह्यांना वाटलं.
लोकांनी शिट्ट्या मारल्या, पैसे परत मागितले, हेही ओरडले.
हेमलता म्हणाली, अहो, हाच शेवट आहे.
त्यावरून भांडण. द्वारकेपर्यंत अबोला.
पुढे कधीतरी टीव्हीवर लागला, तेव्हा कळलं,
तिचं बरोबर होतं.
सांगायला ती नव्हती.

मी नाशिकरोडला प्रेसमध्ये होते, सत्तावीस वर्षं,
पोस्टाच्या तिकिटांच्या तपासणीला.
डावीकडे नमुना, उजवीकडे छापून आलेला ताव,
मध्ये भिंग.
निळा रंग केसभर सरकला की लाल पेन्सिलीची फुली.
नमुना संध्याकाळी कपाटात जायचा, कुलूप लावून.
त्याच्यावर कधी कुणी पत्र पाठवलं नाही.

तर फुल्या मीही मारल्या, काळा चष्मा लावून, अंधारात.
दाराबाहेर कोण होतं ते दहाव्या मिनिटाला सांगून टाकलं. फुली.
शनी इतका जवळ की पॉपकॉर्नमध्ये पडेल. फुली.
संगीत क्षणभर गप्प बसत नाही,
पाहुण्याला बोलू न देणाऱ्या यजमानासारखं.
हे खुर्चीत चुळबुळत होते,
"दोरी दिसायची, पण जीव होता,"
मागच्या रांगेतून कुणीतरी शुक् केलं.

पण एक जागा आहे.
म्हातारा गेल्यावर चौकीत नवीन बाई येते.
भिंतीला खिळा, खिळ्याला त्याचा कप.
ती कप धुते, पुसते, परत टांगते
आणि पाणी पिते ओंजळीने.
दुसऱ्या दिवशीही ओंजळीने.
तिसऱ्या दिवशी कपाने.
एवढा वेळ संगीत नाही. फक्त नळ.
मी चष्मा काढला तर पडद्यावर सगळं दुहेरी,
दोन बायका, दोन कप,
एकमेकींवरून थोड्या सरकलेल्या.

सिडकोतल्या आमच्या ओट्यावर निळ्या काठाचा एक कप आहे,
कानाचा टवका उडालेला.
मला आठ महिने लागले.

लिफ्टमध्ये हे म्हणाले, पहिल्याची सर नाही.
आणि ते कपाचं उगाच लांबवलंय.
एका मुलाने बापाला विचारलं,
बाबा, ह्याचा पहिला पण आहे?
त्याचे डोळे लाल होते. त्याने तो चष्मा
परत न करता खिशात टाकलेला मी पाहिला.

खाली तळघरात सगळे खांब सारखे.
हे किल्लीचं बटण दाबत फिरत राहिले
रांगांमधून, कान देऊन,
कुठली गाडी ओ देते का म्हणून.
"इथेच तर लावली होती."
इथे नाही, मी म्हणाले. बी-दोन. अजून एक मजला खाली.
"तुझ्या कसं लक्षात?"
खांबावर लिहिलं होतं. लाल रंगात.

उतरलो. त्यांनी परत बटण दाबलं.
लांब, कोपऱ्यात, आमची गाडी दोनदा लुकलुकली.