एक टर्मिनल उघडं ठेव

क्लायपेदाच्या बंदर कचेरीत, रात्री साडेअकराला,
मी एका फाइलमधला एक शब्द बदलायला बसले आहे.
रेडिएटर ठकठकतो, तापत नाही.
खाली कुर्शू खाडीचं पाणी धक्क्याला घासतंय.

रिमविदासनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं:
इथे हात लावण्याआधी दुसरं टर्मिनल उघड,
त्यात रूट होऊन बस,
आणि ते बंद करू नकोस, चहाला उठलीस तरी.
ही फाइल जतन केली की त्याच क्षणी लागू होते,
मशीन पुन्हा सुरू व्हायची वाट बघत नाही.
एक अक्षर चुकलं की तू बाहेर, किल्ली आत,
आणि कुलूपवाल्याला दाखवायला कुलूपच नाही.

या ओळींतले शब्द मला माणसांसारखे वाटायचे.
रिक्विझिट तोंडावर दार आपटतो.
सफिशियंटला एवढ्यात पुरतं.
मला आवडायचा रिक्वायर्ड:
तुम्ही नापास झालात हे त्याला तिथेच कळतं
पण चेहऱ्यावर दिसू देत नाही.
पुढचे सगळे प्रश्न तितक्याच शांतपणे विचारतो
आणि अगदी शेवटी नाही म्हणतो,
कुठे चुकलं ते न सांगता.
चोराला सुगावा लागू नये म्हणून.
माझ्या घटस्फोटाचे न्यायाधीश असेच होते.

मग कचेरीत बोटाचे ठसे आले.
मॉड्यूल रिमविदासच्या पॅकेजमधलं, ओळ मी लिहिलेली:
ठसा, रिक्वायर्ड. त्याखाली पासवर्ड, तोही रिक्वायर्ड.

दांगुओले रात्रपाळीला जहाजांच्या वेळा टिपते.
त्याआधी छत्तीस वर्षं तिनं पालांगात तृणमणी घासले.
बोट टेकवायची, पुसायची, पुन्हा टेकवायची,
मग पासवर्ड, बरोबर पासवर्ड,
आणि शेवटी नाही.
सहा रात्री ती स्वतःच्या आठवणीलाच दोष देत राहिली,
वहीच्या कागदावर नोंदी करत राहिली
आणि कोणाला बोलली नाही.
सातव्या रात्री मी तिचं बोट दिव्याखाली धरलं.
गुळगुळीत. एक रेघ नाही.
'तृणमण्यात माशी चार कोटी वर्षं टिकते,' ती म्हणाली,
'मी तर साठसुद्धा गाठली नाही.'

रिमविदास मार्चमध्ये गेला.
पॅकेज आता माझ्या नावावर आहे.
त्याच्या बदलनोंदीतली शेवटची ओळ:
'उतरवताना आधी आपली ओळ पुसा, मग मॉड्यूल न्या.'
उलट झालं तर ओळ तशीच हाक मारत राहते,
ओ द्यायला कोणी नसतं,
आणि दाराशी सगळेच ताटकळतात.
त्याची स्वतःची ओळ मात्र राहिलीच.
तातडीच्या यादीत पहिला नंबर अजून त्याचा आहे.
एप्रिलमध्ये मी तो दोनदा लावला.

आणि नवी आवृत्ती चढवताना पडणारा प्रश्न, तोही त्याचाच:
'ही फाइल तुम्ही बदललेली दिसते.
तुमची राहू दे, की माझी घालू?'
नुसतं एंटर दाबलं तर: तुमची.
कमी बोलायचा तो. पण हे एंटर त्यानं विचार करून ठेवलं होतं.

तर, एक शब्द.
रिक्वायर्ड खोडला. सफिशियंट.
ठसा जुळला तर तेवढंच पुरे,
नाहीच जुळला तर पुढे विचारा, राग न धरता.
जतन.

दांगुओले बोट टेकवते. नाही.
पासवर्ड विचारला जातो.
ती दोन बोटांनी टाइप करते,
प्रत्येक अक्षराला ओठ हलतात, मी मान वळवते.

'कार्ल्सहाम्नचं जहाज चाळीस मिनिटं उशिरा,'
ती वाचते, स्क्रीनवरूनच,
आणि मागच्या सहा रात्रींची वही उघडून
एकेक वेळ आत उतरवायला लागते.

दुसरं टर्मिनल मी अजून बंद केलेलं नाही.
रूटचा कर्सर लुकलुकतोय.
तिच्या सहाही रात्री आत येऊ देत आधी.