जांभळा ठोकळा

भट्टीत जाण्याआधी हा ठोकळा जांभळा असतो,
सुकत घातलेल्या आलुबुखारासारखा,
आणि बराचसा कच्चा.
कच्चा असतो म्हणूनच कोरता येतो.
हिऱ्याचं टोक फिरतं, पाण्याची धार सुटते,
बारा मिनिटांत दाढ बाहेर येते.
माझ्या वडिलांची. खालची, डावीकडची.

बोहुमीर याब्लोनेत्समध्ये काचेचे मणी घासायचे,
एकतीस वर्षं.
कारखान्याला कुलूप लागलं त्या हिवाळ्यापासून
ते झोपेत दात खातात.
जागेपणी कधी कुणावर दातओठ खाल्ले नाहीत.
आई म्हणते, भिंतीपलीकडे
कुणीतरी अजून रात्रपाळीला आहे.

आठशे चाळीस अंश. जांभळा रंग जातो.
काचेच्या पोटात सुया उगवतात, एकमेकींत अडकलेल्या,
म्हणजे भेगेला सरळ वाट मिळू नये,
प्रत्येक सुईला वळसा घालता घालता
ती मध्येच कुठेतरी दमावी.

पण एका दाढेवर माझा विश्वास बसत नाही.
त्याच खोक्यातल्या सहा जणी मी यंत्राखाली फोडल्या.
पोलादी गोळी सावकाश खाली येते, आकडा चढतो,
आणि मग तो आवाज. अक्रोड फुटल्यासारखा नाही,
त्याहून कोरडा.
पाच जणींनी दोन हजारांच्या वर तग धरला.
सहावी नऊशेलाच गेली.

तिचे तुकडे भिंगाखाली ठेवले.
तुटल्या अंगावर रेघा असतात;
उलट्या वाचत गेलं की सगळ्या
एकाच जागी येऊन थांबतात:
एक ओरखडा, केसाहून बारीक.
माझाच. मंगळवारी
झिजलेलं टोक बदलायचं मी उद्यावर टाकलं होतं.

वडिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला,
डोळा भिंगाला लावून बराच वेळ बघितलं.
"मणीही असेच जायचे," म्हणाले,
"भोक पाडताना घाई केली की.
लगेच नाही.
कुणाच्या तरी गळ्यात गेल्यावर."

सातवी नव्या टोकानं कोरली.
झिलई त्यांनीच दिली, फडक्यानं, माझ्या टेबलाशी बसून,
नको म्हटलं तरी.
मार्चमध्ये डॉक्टर हाव्रानोवांनी ती बसवली.

रविवारी त्यांनी पावाची करपलेली कड
मुद्दाम डावीकडे घेतली.
आई आणि मी, हातात चमचे तसेच धरून
ऐकत होतो.
पाव मोडला.

रात्री भिंतीपलीकडे पाळी पुन्हा सुरू झाली.
आवाज बदललाय, आई अंधारात म्हणाली,
जरा काचेचा वाटतो.