आठ मिनिटं लवकर

एकतीस वर्षं दापोलीच्या स्टँडवर
मी लोकांना उशीर सांगितला.
जाळीमागं बसून, माईकवर फुंकर मारून:
दाभोळ पाऊण तास,
मंडणगड अजून निघालेली नाही,
केळशीची कृपया चौकशी करू नये.
लोक असे बघायचे
जसा काही मीच घाटात पंक्चर होऊन पडलोय.

आज लाडघरला, पहाटे साडेपाच,
छातीवर चार टाचण्यांनी डकवलेला सहाशे बारा नंबर,
पोटऱ्यांना खोबरेल, खिशात बिया काढलेल्या खारका.
वय त्रेसष्ट.
पुढं तिशीतली पोरं जागच्या जागी उड्या मारतायत.
मी मारत नाही.
डिझेल पुरवून वापरायचं असतं.

कर्दे. समुद्र दिसत नाही,
डाव्या कानाला लागतो फक्त.
मुरूडला माडांच्या झापांआडून उजाडलं.
पाजपंढरीला बांबूंवर बोंबील वाळत होते
आणि खाली पाटी उपडी घालून बसलेली म्हातारी
मला बघून ओरडली,
"काय वो नाचरेसाहेब, कंची गाडी चुकली?"
हसलो, आणि हसण्यात
एक श्वास फुकट गेला.

अंजर्ल्याच्या पुलावरून परत.
तिथं इक्बाल मुकादम, आमचा जुना कंडक्टर,
स्कूटर कडेला लावून उभा.
मीठ घातलेलं कोकम दिलं,
आणि मागची वेळ चिठ्ठीवर लिहून
टर्रकन फाडून हातात ठेवली.
सवय.

मग हर्णैचा चढ.
पाच वर्षांपूर्वी मी इथंच फुटलो होतो.
नुकता रिटायर झालेलो,
शाल-नारळ घेऊन घरी आलेलो,
आणि पळत कुठं होतो?
कुणाच्या तरी अंगावर धावून जात होतो.
कुणाच्या, ते आजही सांगता येणार नाही.
चढानं ते ओळखलं,
आणि मला कठड्यावर बसवलं.

आज मी चढ चाललो.
सरळ चाललो, पहिल्या गिअरात, हात कमरेवर.
पोरं पुढं गेली, जाऊ दिली.
सालदुऱ्याच्या सपाटीला त्यातली बरीच परत भेटली,
कुणी मांडी धरून,
कुणी कुंपणाच्या जांभ्यावर डोकं टेकून.
एकाला शेवटची खारीक दिली.

छत्तिसाव्या किलोमीटरला
डावा गुडघा चौकशीच्या खिडकीवर आला:
अजून किती वेळ?
मी त्याला तेच सांगितलं, जे सगळ्यांना सांगायचो.
येईल एवढ्यात.
त्यानंतर काय झालं मला नीट आठवत नाही.
आंब्यांना मोहोर होता. वास येत होता.
एक कुत्रं बरंच अंतर सोबत आलं
आणि कंटाळून थांबलं.

चार तास त्रेचाळीस मिनिटं वीस सेकंद.
मागच्या वेळी चार एकावन्न.

आठ मिनिटं म्हणजे काय?
स्टँडवर एक चहा, अर्धी बिडी.
नोकरी नवी असताना खेडची शेवटची गाडी
मी आठ मिनिटं धरून ठेवली होती.
एक बाई उताराकडून पळत येत होती,
काखेत पोर, हातात चपला.
मेमो मिळाला.
'विलंबाचे कारण' या रकान्यात मी लिहिलं:
बाई पळत होती.
साहेबांनी खाली लाल शाईत विचारलं, मग?

ती आठ ही नव्हेत.
हिशेब असा जुळत नसतो,
आणि आमच्याकडे जुळला की ऑडिट लागायचं.

घरी दार उघडून शरयू म्हणाली,
"एवढ्यात आलात? अजून भात व्हायचाय."
ओट्यावर बसलो.
बुटातली रेती काढायला
मला खूप वेळ लागला.
लागू दिला.